शैक्षणिक प्रशासनात डॉक्टरेट: पीएच.डी. की एड.डी., आणि मुळात कशासाठी?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वर्गात शिकवल्यावर आता उपमुख्याध्यापिका म्हणून काम करते. वेळापत्रक, परीक्षा, शिक्षकांच्या रजा, पालकांच्या तक्रारी, निकालाचे तक्ते, सगळं माझ्या टेबलावरून जातं. शैक्षणिक प्रशासन या विषयात डॉक्टरेट करायचं मनात पक्कं होत आलंय. नोकरी सांभाळूनच करावी लागेल.

दोन-तीन ठिकाणी अडलंय. काही विद्यापीठं पीएच.डी. देतात, काही एड.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन), काही दोन्ही. माझ्यासारखीने कुठली घ्यावी? विषय म्हणून 'मुख्याध्यापकांची नेतृत्वशैली आणि शिक्षकांचे कार्यसमाधान' असं काहीतरी डोक्यात आहे. आमच्याच शाळेत अभ्यास करता आला तर सोयीचं होईल. आणि मुख्य म्हणजे, हे सगळं करून मी शाळा जास्त चांगली चालवू शकेन का? नुसतं नावाआधी 'डॉ.' लागावं म्हणून इतकी वर्षं द्यायची माझी तयारी नाही. ज्यांनी केलंय, जे करताहेत, ज्यांनी अर्ध्यात सोडलंय, सगळ्यांनी लिहा.

रिकामातास
वाचतेय. मलाही हेच विचारायचं होतं.

तळटीप
दोन पदव्यांचा घोळ जुना आहे. हार्वर्डने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला एड.डी. सुरू केली ती शाळांमध्ये काम करणाऱ्यांसाठी व्यावसायिक पदवी म्हणून. पुढे बऱ्याच विद्यापीठांत दोन्हींचा अभ्यासक्रम इतका सारखा होत गेला की बाहेरच्याला फरक सांगता येईना. २००५ मध्ये आर्थर लेव्हिन यांनी अमेरिकेत शाळाप्रमुख कसे घडवले जातात यावर एक कडक अहवाल लिहिला. त्यातली शिफारस अशी की एड.डी. बंदच करा, प्रशासकांना एम.बी.ए.च्या धर्तीवरची पदव्युत्तर पदवी द्या, आणि पीएच.डी. संशोधकांसाठी राखून ठेवा. २००७ मध्ये 'कार्नेगी प्रोजेक्ट ऑन द एज्युकेशन डॉक्टरेट' सुरू झाला, त्याची भूमिका नेमकी उलटी. पदवी मोडू नका, तिला तिचं स्वतःचं रूप द्या. उमेदवाराच्या कामात रोज आडवी येणारी एखादी खरी अडचण घ्या आणि प्रबंध त्यावर लिहू द्या. हार्वर्डने स्वतः २०१० पासून एड.एल.डी. नावाची शैक्षणिक नेतृत्वाची तीन वर्षांची निराळी पदवी आणली. तिचं तिसरं वर्ष एखाद्या शैक्षणिक संस्थेत प्रत्यक्ष जबाबदारी घेऊन काढायचं असतं.

त्यामुळे पाटीपेन्सिल, पदवीच्या नावावरून ठरवू नका. ज्या विभागात जायचा विचार आहे तिथले अलीकडचे प्रबंध काढून वाचा. ते कोणाला उद्देशून लिहिलेत हे चार पानांत कळतं.

गणिताचे_सर
ताई, विषयाबद्दल लिहितो आणि जरा स्पष्ट लिहितो.

'नेतृत्वशैली आणि कार्यसमाधान' हा विषय या क्षेत्रात सर्वांत जास्त दळला गेलेला आहे. त्याची अडचण जुनेपणात नाही, मोजण्यात आहे. शिक्षकाला एक प्रश्नावली द्यायची. तिच्या पहिल्या भागात त्याने मुख्याध्यापकांना गुण द्यायचे, दुसऱ्या भागात स्वतःच्या समाधानाला. त्या दिवशी तो वैतागलेला असेल तर दोन्हीकडे कमी गुण पडणार. मग जो सहसंबंध मिळतो तो नेतृत्वाचा की वैतागाचा?

दुसरी गोष्ट नमुन्याची. ४० शाळांतले प्रत्येकी १० शिक्षक घेतले की ४०० चा नमुना दिसतो आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, छान वाटतं. पण तुमचा प्रश्न मुख्याध्यापकांबद्दल आहे, आणि मुख्याध्यापक तर ४० च आहेत. एका शाळेतले दहाही जण त्याच एका माणसाबद्दल बोलताहेत. बहुस्तरीय विश्लेषण (शिक्षक आणि शाळा हे स्तर वेगळे धरणारं) न करता ४०० स्वतंत्र माणसं धरून चाचण्या लावल्या की नको ते फरकही 'सार्थ', म्हणजे योगायोगाने न आलेले, निघतात. आणि फक्त तुमच्याच शाळेत केलंत तर मुख्याध्यापक एकच. मग नेतृत्वशैली हे चलच उरत नाही, कारण ते बदलतच नाही.

हे माझं एकट्याचं मत नाही. फिलिप हॅलिंजर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांच्या शैक्षणिक नेतृत्वाची एक मोजपट्टी तयार केली, ती जगभर वापरली गेली. तीच मोजपट्टी वापरून झालेल्या शंभरावर डॉक्टरेट प्रबंधांचा त्यांनी २०११ मध्ये आढावा घेतला. एवढ्या सगळ्या कामातून ज्ञानात साचून राहील अशी भर फार कमी पडली, असं त्यांनीच मांडलं. ज्याची मोजपट्टी तोच हे सांगतोय म्हटल्यावर आपण ऐकायला हवं.

रिकामातास
सर, हे आम्हाला आमच्या कोर्सवर्कमध्ये कोणी इतकं सरळ सांगितलं नाही. ४०० आणि ४० चं गणित वहीत लिहून घेतलं.

चांदणवेल
गणिताचे_सर, मुद्दे मान्य. पण एवढं एका दमात ऐकून नवखं माणूस परत फिरेल. माझा प्रबंध ह्याच घराण्यातला, कार्यसमाधानाचाच. त्यातूनच मी संख्याशास्त्र शिकले, दुसऱ्याचा शोधनिबंध संशयाने वाचायला शिकले. पहिलं मोठं संशोधन हे शिकण्यासाठीही असतं हो. जगाला हलवणारं काही निघालं नाही म्हणून ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

प्रश्नावलीवरून आठवलं. एका शाळेतून माझ्याकडे गठ्ठा परत आला तो सगळा 'तटस्थ'. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत, सगळ्यांचं. त्या स्टाफरूमचं इतकं एकमत त्याआधी कधी झालं नसेल! 😄

सहावा_तास
चांदणवेल, तो गठ्ठा बाजूला काढलात का? माझ्या मते त्या अभ्यासातली ती सगळ्यात बोलकी माहिती होती. लोक खूश आहेत की नाराज हे त्यातून कळत नाही, पण कागदावर काही लिहायची त्यांना भीती वाटते हे कळतं.

आणि याच धाग्याने मी पाटीपेन्सिलच्या 'आमच्याच शाळेत' वर येते. ताई, तुम्ही रजा मंजूर करता. कोणाला कुठला वर्ग द्यायचा यात तुमचा शब्द चालतो. वार्षिक मूल्यमापनात तुमचं मत विचारलं जातं. आता तुम्हीच प्रश्नावली घेऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, 'भाग घेणं ऐच्छिक आहे', तर 'नाही' म्हणायची मुभा खरोखर कोणाला असेल? संमतीपत्रावर सही मिळेल, संमती मिळाली असं म्हणता येणार नाही. अमेरिकेतल्या १९७९ च्या बेल्मॉन्ट अहवालापासून संशोधनाच्या नीतीत हेच पहिलं तत्त्व मानलं जातं: माणसाचा स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायचा हक्क. वरिष्ठाने कनिष्ठावर केलेल्या अभ्यासात तो हक्क पहिल्यांदा मोडतो, आणि मोडलेला दिसतही नाही.

नाव न लिहिता कागद भरून घेतला तरी भागत नाही. 'विज्ञान, १८ वर्षं अनुभव, स्त्री' एवढं लिहिलं की लहान शाळेत ती बाई कोण हे शिपायालाही कळतं.

जुनाजाणता
मी निवृत्त पर्यवेक्षक. इथे थोडा विरोध नोंदवतो.

सहावा_तास यांचं बरोबर आहे, पण त्याचा अर्थ 'आपल्या शाळेचा अभ्यास करूच नका' असा निघाला तर शाळा चालवणाऱ्यांच्या हाती काय राहिलं? पाहुणा संशोधक येतो, दोन दिवस बसतो, मुलाखती घेतो, जातो. त्याच्यासमोर मुलाखतीतली शाळा येते. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळची शाळा, दोन शिक्षक एकदम रजेवर गेलेल्या दिवसाची शाळा त्याला दिसत नाही. ती आतल्या माणसालाच दिसते. आतल्याने लिहिलं नाही तर ते ज्ञान निवृत्तीबरोबर घरी जातं. मी असं कितीतरी ज्ञान घरी जाताना पाहिलंय, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

मार्ग निघतो. मुलाखती दुसऱ्याने घ्याव्यात आणि नावं काढून मगच तुमच्या हाती द्याव्यात. किंवा माणसांना विचारण्याऐवजी कागद वाचावेत. शाळेत कागद काय कमी असतात? इतिवृत्तं, हजेरी, रजेचे अर्ज, वेळापत्रकाच्या रद्द झालेल्या आवृत्त्या. यातलं बहुतेक कोणीही संशोधनासाठी लिहिलेलं नसतं, म्हणूनच ते भरवशाचं.

सहावा_तास
जुनाजाणता, कागदांचा मुद्दा एकदम पटला. मात्र रजेच्या अर्जात आजारपणं असतात, घरची कारणं असतात. ते वाचायचा अधिकार उपमुख्याध्यापिकेला आहे, संशोधक म्हणून आपोआप नाही. दोन टोप्या वेगळ्या आहेत आणि दुसरीसाठी वेगळी परवानगी लागते.

तळटीप
आता 'शाळा जास्त चांगली चालवता येईल का' याबद्दल. इथे क्षेत्राचं स्वतःचं उत्तर थोडं नम्र आहे. हॅलिंजर आणि हेक यांनी १९९० च्या दशकात उपलब्ध अभ्यास एकत्र वाचले. मुख्याध्यापकांचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम होतो, पण तो बहुतेक अप्रत्यक्ष, शिक्षकांमार्फत आणि शाळेच्या वातावरणामार्फत होतो, असा त्यांचा निष्कर्ष. २००८ मध्ये व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढे जाऊन विचारलं, नेतृत्व म्हणजे नेमकं काय केल्यावर परिणाम होतो? अध्ययन-अध्यापनात लक्ष घालणाऱ्या नेतृत्वाचा मुलांच्या प्रगतीवरचा सरासरी परिणाम परिवर्तनवादी (ध्येय दाखवून माणसांना प्रेरित करणाऱ्या) नेतृत्वाच्या तीन ते चार पट दिसला. आणि सगळ्या कृतींत सर्वांत वर काय होतं? शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं, आणि त्यात स्वतः सहभागी होणं. प्रशिक्षणाचं उद्घाटन करून ऑफिसात परतणं यात बसत नाही.

गणिताचे_सर
तळटीप, रॉबिन्सन यांचं काम मलाही आवडतं. फक्त एक जोडतो. तो आढावा २७ अभ्यासांचा होता, आणि कृतीनिहाय आकडे त्याहूनही कमी अभ्यासांवर उभे आहेत. दिशा म्हणून उत्तम, पण त्यातला एखादा आकडा उचलून परिपत्रकात घालू नये.

वेळकाढू
परिपत्रकाचं नाव निघालंच आहे तर विचारतो. एकच परिपत्रक दोन शाळांत जातं. एकीकडे त्याचं सोनं होतं, दुसरीकडे ते फायलीत जातं. याचं शास्त्र काही आहे का? डॉक्टरेटवाल्यांनी सांगा. मी साधा वर्गशिक्षक आहे.

तळटीप
आहे, आणि फार सुंदर आहे. संस्थांचा अभ्यास करणारे कार्ल वाइक यांचा १९७६ चा निबंध. शाळा या 'सैल जोडलेल्या' संस्था असतात असं ते म्हणतात. मुख्याध्यापकांचं ऑफिस आणि वर्ग जोडलेले असतात, पण सैल. एका टोकाला ओढलं की दुसरं टोक हलेलच असं नाही. वाइक याला निव्वळ दोष म्हणत नाहीत. सैलपणामुळेच वरचा एखादा खुळा निर्णय प्रत्येक वर्गापर्यंत पोचत नाही, आणि एखाद्या वर्गातला बिघाड सगळ्या शाळेला लागत नाही. पुढच्याच वर्षी मायर आणि रोवन यांनी दाखवलं की बाहेरच्यांना हवी तशी रचना कागदावर ठेवायची आणि आतलं काम तिच्यापासून अलग ठेवायचं, असं संस्था सर्रास करतात. १९८० मध्ये मायकेल लिप्स्की यांनी तिसरी बाजू मांडली. शिक्षक, पोलीस, कारकून ही नागरिकाला थेट भेटणारी माणसं वेळ आणि साधनं अपुरी असताना रोज जे छोटे निर्णय घेतात, तेच लोकांच्या वाट्याला धोरण म्हणून येतं.

वेळकाढू, 'साधा' म्हणू नका. या सगळ्यांच्या लेखी तुम्हीच विषयाच्या मध्यभागी आहात.

वेळकाढू
लिप्स्कींचं वाक्य स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिणार आहे. मुख्याध्यापकांनी पुसलं तर तोही डेटा धरा. 😀

अर्धीवाट
मी सोडलेल्यांपैकी आहे, म्हणून लिहिते. विद्यापीठाचं नाव नको. माझा विषय मार्गदर्शकांनी दिला होता, त्यांच्या एका मोठ्या मालिकेतला तुकडा. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाली, साहित्याचा आढावा झाला. पण दिवसभर शाळा करून रात्री जो प्रश्न उघडायचा तो माझा नव्हता. त्याचं उत्तर काय येईल याची मला उत्सुकताच नव्हती. वेळ, पैसा, तब्येत अशी कारणं सगळे देतात आणि ती खरीही असतात. पण माझ्याबरोबरच्या ज्यांनी पूर्ण केलं त्यांच्यावरही तेच ओझं होतं. फरक इतकाच दिसला की त्यांना उत्तर हवं होतं.

पाटीपेन्सिल, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये विषयापुढे 'असं काहीतरी' लिहिलंय. त्या दोन शब्दांनी मला थांबवलं. तुम्हाला शाळेत खरोखर काय छळतं?

पाटीपेन्सिल
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. अर्धीवाट, तुमच्या प्रश्नावर कालपासून विचार करतेय.

मला छळतं ते ऑफ तासांचं वाटप. रोज सकाळी कोण गैरहजर आहे ते कळतं आणि शाळा भरायच्या आत मला ठरवायचं असतं की त्यांच्या तासांवर कोण जाईल. काही जण नेहमी जातात. काहींना मी विचारतच नाही, कारण वाद नको असतो. नव्याने लागलेल्यांना जास्त, कला-क्रीडा शिक्षकांना हमखास. आणि त्या तासाला वर्गात काय होतं? काही वर्गांना तो विषय महिनाभर कोणाकडूनच मिळत नाही, तरी वेळापत्रकात सगळं भरलेलं दिसतं. हे न्याय्य आहे का, मुलांचं किती नुकसान होतं, दुसऱ्या शाळांत कसं करतात, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय. पण हा काय डॉक्टरेटचा विषय झाला? फारच छोटा वाटतो.

गणिताचे_सर
हाच विषय. ताई, हाच! छोटा आहे म्हणूनच होईल.

यात सगळं आहे बघा. प्रश्नावली लागत नाही, नोंदी आधीपासून आहेत, रोजच्या आहेत. एका शाळेतसुद्धा शेकडो निर्णय मिळतात, म्हणजे बदलणारं काहीतरी हाताशी आहे. मगाशी मुख्याध्यापक एकच म्हणून अडलं होतं, इथे ते अडत नाही. कोणाच्या वाट्याला किती तास आले हे सेवाकाल, विषय, करार की कायम, यांवरून तपासता येईल. आणि वर्गाच्या बाजूने मोजलं तर कुठल्या तुकडीचे किती तास खरोखर त्या विषयाचे झाले हे कळेल.

चांदणवेल
+१. आणि मी एक भर घालते, मोजण्यापलीकडची. 'वाद नको म्हणून विचारतच नाही' हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. अधिकार पदामुळे मिळतो की स्टाफरूममधल्या वजनामुळे, हा प्रशासनातला जुना प्रश्न त्यात उभा आहे. आकडे वाटप दाखवतील, कारण दाखवणार नाहीत. त्यासाठी दुसऱ्या शाळांतल्या तुमच्यासारख्यांच्या मुलाखती घ्या. ते तुमच्या हाताखालचे नाहीत, त्यामुळे सहावा_तास यांची हरकतही राहत नाही. एक सूचना: मुलाखती कमी ठेवा. तासाभराचं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला चार-सहा तास सहज जातात.

सहावा_तास
हरकत खरोखर राहत नाही. 🙂 आपल्या शाळेच्या नोंदी घेताना मात्र शिक्षकांची नावं काढून संकेतांक कोणा तिसऱ्याने घालावेत, कोणाचा कुठला संकेतांक ही यादी तुमच्याकडे नसावी.

जुनाजाणता
आणि नोंदी शक्यतो जुन्या घ्या, अभ्यास जाहीर होण्यापूर्वीच्या. डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात सांगून ठेवलंय की एखादा आकडा निर्णयासाठी वापरला जाऊ लागला की तो बिघडण्याचा दबाव वाढतो. ऑफ तासांचं कोणी मोजतंय हे कळलं की दुसऱ्या दिवसापासून रजिस्टर सुंदर दिसायला लागेल.

रिकामातास
माझं नाव इथे चुकून फारच समर्पक ठरलंय. पण गंभीरपणे: मग पीएच.डी. की एड.डी.? तो प्रश्न मागेच पडला.

तळटीप
मागे पडला हे बरंच झालं, आता त्याचं उत्तर देता येईल. हाच विषय दोन्हीकडे जातो, पण वेगळा होऊन.

पीएच.डी. म्हणून केला तर प्रश्न असा: वेगवेगळ्या शाळांत गैरहजर शिक्षकांचं काम कसं वाटलं जातं, आणि त्यावरून शाळेतल्या अधिकाराबद्दल काय कळतं? त्यात वाइक, लिप्स्की यांच्याशी वाद घालावा लागेल. दहा-पंधरा शाळा, तुलना, आणि निष्कर्ष असा की जो तुमची शाळा कधीच न पाहिलेल्या माणसाच्याही उपयोगी पडेल. एड.डी. म्हणून केला तर प्रश्न असा: आमच्या शाळेत वाटपाचा नियम बदलला तर काय होतं? आधीच्या नोंदी तपासायच्या, शिक्षकांबरोबर बसून नवा नियम करायचा, वर्षभर चालवायचा, जिथे फसेल तिथे दुरुस्त करायचा, आणि हे सगळं पुराव्यासह लिहायचं. दोन्हीत कष्ट सारखेच. पुढे विद्यापीठात शिकवायचं मनात असेल तर पहिलं सोयीचं, शाळेतच राहायचं असेल तर दुसऱ्याचं फळ तुमच्याच हयातीत तुमच्याच वर्गांना मिळेल.

अर्धीवाट
तळटीप यांच्या पोस्टला एक पुरवणी. प्रवेशाआधी संभाव्य मार्गदर्शकांना भेटा आणि हा ऑफ तासांचा प्रश्न पाच मिनिटांत सांगा. ते तुम्हाला आणखी प्रश्न विचारू लागले तर तिथे जा. त्यांनी लगेच त्याला नेहमीच्या साच्यातलं लांबलचक शीर्षक दिलं तर थोडा विचार करा.

पाटीपेन्सिल
सर्वांचे मनापासून आभार. शाळेतच राहायचंय, त्यामुळे एड.डी.कडे कल झुकतोय. पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांशी बोलून जुन्या नोंदी वापरायची लेखी परवानगी मागते. संदर्भ साठवायला काय वापरता?

रिकामातास
झोटेरो. मोफत आहे. पहिल्या दिवसापासून वापरा, नंतर भरत बसायला जीव जातो.

गणिताचे_सर
परवानगी मागताना एक बघून ठेवा ताई. ऑफ तासांची नोंद तुमच्याकडे कागदावर होते की संगणकावर?

पाटीपेन्सिल
सकाळी कागदावर. संध्याकाळी लिपिक संगणकात भरतात.

गणिताचे_सर
मग दोन्हींची परवानगी मागा. आणि ते सकाळचे कागद रद्दीत जाणार असतील तर आजच थांबवा. सकाळी ठरलेलं आणि संध्याकाळी भरलेलं कुठे जुळत नाही, तिथून सुरुवात करू.